माझ्या विरुद्ध बाजूचा माणूस

मी टेक्ससमध्ये तेल आणि वायूवाल्यांच्या संघटनेत नोकरी करत होते असं सांगितलं, की अकोल्याची माझी मामी अजून विचारते, "म्हणजे घाणी कसली गं? करडईची की शेंगदाण्याची?" अर्विंगमधल्या आपल्या मंडळींची समजूत याहून फार बरी आहे असं नाही. निम्म्यांना वाटतं मी विहिरी खणायचे, आणि उरलेल्यांना वाटतं मी आमदारांकडे पाकिटं पोचवायचे. यंदा निवृत्त झाले आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनी "काकू, आता लिहाच" म्हणून गळ घातली. तेव्हा आधी एवढं सांगून टाकते, की मी एकही विहीर खणली नाही, आणि पाकीट म्हणाल तर माझं स्वतःचंच मी निम्म्या वेळा घरी विसरायचे.

मग मी करायचे काय? आमची संघटना म्हणजे राज्यभरातल्या तेलवाल्यांची बांधलेली एक मोट. त्यात उंच इमारतींत बसणाऱ्या मोठ्या कंपन्या होत्या, तसे वडिलांकडून आलेल्या चारदोन जुन्या विहिरींवर पोट भरणारे लोकही होते. सरकार नवा कायदा करायला निघालं की तो मसुदा वाचायचा, सभासदांना सोप्या भाषेत समजावायचा, त्यांची आपसातली भांडणं मिटवायची, आणि मग सगळ्यांच्या वतीनं समितीसमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं. इथलं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा भरतं, जानेवारीपासून मेअखेरपर्यंत. ते महिने मी अर्विंगचं घर नवऱ्याच्या स्वाधीन करून राजधानीत, ऑस्टिनला, भाड्याच्या खोलीत राहायचे.

या कामातलं बोलणं तीन मिनिटांचं आणि वाट पाहणं दिवसभराचं. आपलं विधेयक कधी पुकारतील याचा नेम नसतो, त्यामुळे समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहायचं. आमच्या कॅपिटॉलमधल्या, म्हणजे विधानभवनातल्या, समित्यांच्या खोल्या जमिनीखाली आहेत. तेलवाल्यांना भांडायला जमिनीखाली बोलावण्यात कुणाची विनोदबुद्धी असेल तर तिला माझा नमस्कार.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. एका अधिवेशनात आम्ही सभासदांना आमदारांच्या भेटीला आणलं होतं. त्यात ड्वेन नावाचा एक जण होता. पश्चिमेकडच्या कोरड्या भागात त्याच्या मोजक्या विहिरी, त्यातल्या निम्म्या बंद. नोकर नाही, चाकर नाही, सगळं स्वतःच बघायचा. भेटीला रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून या पठ्ठ्यानं आपल्या विहिरीतलं कच्चं तेल लोणच्याच्या बरणीत भरून आणलं. आपण घरच्या झाडाचे आंबे नेतो ना, त्याच भावनेनं. बरणीचं झाकण सैल निघालं आणि सिनेटरसाहेबांच्या फिक्या गालिच्यावर काळा डाग पडला. ड्वेन बिचारा हॅट हातात धरून उभा, आणि मी नोकरीतला सगळा हुद्दा बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसून भांड्यांच्या साबणानं गालिचा घासतेय. डाग गेला, वास राहिला. पुढे त्या सिनेटरनं आमच्या बाजूनं मत दिलं, ते पटून दिलं की आम्ही पुन्हा येऊ नये म्हणून दिलं, हे मला ठाऊक नाही.

या सगळ्याची आठवण येते का, असं लोक विचारतात. भाषणांची येत नाही, छातीवर नावाच्या पाट्या लावून जेवायच्या जेवणावळींची तर मुळीच नाही. मला आठवण येते ती त्या बाकाची आणि बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या हॉलिसची. इतकी येते, की सकाळी कॉफी घेताना कधी कधी हातातला कप तसाच राहतो.

हॉलिस माझा शत्रू होता. हे मी म्हणत नाही, आमचा नवरा म्हणायचा. फोनवर पहिला प्रश्न, "काय म्हणतोय तुझा शत्रू?" हॉलिस वकील होता आणि जमीनमालकांच्या संघटनेतर्फे बोलायचा. इथे जमीन एकाची आणि तिच्या पोटातलं तेल दुसऱ्याचं असू शकतं. तेलवाला येतो, विहीर खणतो, तेल काढतो. पुढे तेल आटत जातं, पंप चालवणं परवडेनासं होतं, मग तो पंप बंद करतो. पण विहीर बुजवत नाही. बुजवायची म्हणजे आत खोलवर सिमेंट भरायचं, त्याला खर्च येतो. शिवाय आज ना उद्या भाव चढेल आणि विहीर पुन्हा चालेल अशी आशा असते. तोवर ती तशीच उभी. आतले लोखंडी पाइप गंजतात, आणि कुठे कुठे खोल पोटातलं खारं पाणी वर येऊन गोड्या पाण्यात मिसळतं. जमीनमालक म्हणतो, बुजव. तेलवाला म्हणतो, थांब जरा. मी थांबावाल्यांची, हॉलिस बुजववाल्यांचा. दहाएक अधिवेशनं आम्ही हेच भांडण भांडलो.

पहिल्या अधिवेशनात मी नवी होते आणि फार तावातावानं बोलायचे. नागपूरला इंजिनियरिंग झालेलं, आकडे तोंडपाठ, त्यामुळे समोरचा मूर्खच आहे अशी माझी खात्री. एक दिवस बाकावर मी त्याला काहीतरी सुनावलं. उंच, काटकुळा, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा माणूस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिस मीना, तुम्हाला माझं म्हणणं अजून कळलेलंच नाही. असं करू. तुम्ही माझी बाजू मांडा, मी तुमची मांडतो. मग भांडू."

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्यानं खरंच सुरुवात केली. म्हणाला, "ज्याची विहीर बंद आहे तो काही चोर नाही. त्यानं अजून आशा सोडलेली नाही, एवढाच त्याचा गुन्हा. बुजवलेली विहीर पुन्हा उघडत नाही, सिमेंट बाहेर येत नाही. जे मेलेलं नाही ते पुरायला सरकारनं कुणाला भाग पाडू नये." मी ऐकतच राहिले. आमच्या संघटनेत इतकी वर्षं कुणाला हे इतक्या नेमकेपणानं म्हणता आलं नव्हतं.

तेव्हापासून आमची ती रीतच पडली. सुनावणीच्या आधी बाकावर अदलाबदल करायची. मी जमीनमालकांची वकिली करायची, त्यानं तेलवाल्यांची. कुठे ढिलं पडलं की दुसरा सांगायचा, "इथे चुकलात." समोरचा "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हणेपर्यंत सोडायचं नाही. मग आत जाऊन आपापल्या बाजूनं जीव तोडून भांडायचं. समितीचे अध्यक्ष कधी कधी वैतागून म्हणायचे, "तुम्ही दोघं बाहेर जा आणि एक मसुदा ठरवून या." आम्ही जायचो आणि ठरवून यायचो. कधी तो जिंकायचा, बहुतेक वेळा मी जिंकायचे. माझ्या पाठीशी मोठ्या कंपन्या होत्या, त्याच्या पाठीशी त्याची एक जुनी ब्रीफकेस.

डब्यात शंकरपाळे असले की तो मूठभर घेऊन शर्टाच्या खिशात टाकायचा आणि दुपारभर एकेक खायचा. त्याची बायको गेली त्या वर्षी तो आठवडाभर आला नाही. आला तेव्हा मी नुसता डबा पुढे केला. अधिवेशन संपलं की मात्र आमचा संबंध संपायचा. फोन नाही, नाताळाचं कार्ड नाही. आम्ही विरुद्ध बाजूंचे पगारी लोक, उगाच कुणी बोट दाखवायला नको. मी गमतीनं म्हणायचे की दोन वर्षांतून पाच महिने माहेरपण असतं. आता कळतं की त्यात गंमत थोडी होती आणि खरं जास्त.

यंदा जानेवारीत मी डबा घेऊन बाकावर जाऊन बसले. हॉलिस आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी एक तरतरीत मुलगी येऊन बसली. काळा कोट, हातात लॅपटॉप. माझ्याकडे बघून एकदम उभीच राहिली.

"ओ माय गॉड. मीनामावशी?"

मी चष्मा पुसून पाहिलं. ही तर ईशा, अर्विंगच्या फडक्यांची. मंडळाच्या गणपतीत माझ्याकडे लेझीम शिकायला यायची, आणि एकदा सहलीहून येताना माझ्या गाडीत ओकली होती. कायद्याचं शिक्षण घेऊन ती जमीनमालकांच्या संघटनेत लागली होती, आणि आता माझी विरोधक होती.

"हॉलिस कुठेय?" मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. "मावशी, ही इज सिक. कॅन्सर आहे. ही वोन्ट बी बॅक."

मी "अरेरे" एवढंच म्हणाले. मग लगेच आम्हाला आत बोलावलं म्हणून मी उठले. त्या दिवशी आत मी काय बोलले ते मला आठवत नाही.

यंदाचं विधेयक आमचं होतं. छोट्या मालकांना बंद विहिरी बुजवण्यासाठी पुष्कळ वर्षांची मुदतवाढ द्यायची, असं त्यात होतं. जमीनमालकांना त्यात एक अपवाद घालून हवा होता. जिथलं पाणी खारट झालंय तिथे मुदतवाढ नाही, आणि मालकाची ऐपत नसेल तर तेल उद्योगाच्या शुल्कातून चालणाऱ्या सरकारी निधीतून विहीर बुजवायची. आमच्या सभासदांना हा अपवाद नको होता, कारण निधी कमी पडला की शुल्क वाढणार हे उघड होतं.

फेब्रुवारीत अध्यक्षांनी आम्हा दोघींना नेहमीप्रमाणे बाहेर पाठवलं. मी बाकावर बसले आणि माझी बाजू सांगायला लागले. ईशानं चार वाक्यं ऐकली, मान डोलावली आणि म्हणाली, "ओके मावशी, तुम्ही म्हणाल तसं."

मी थक्क झाले. "अगं, असं काय? भांड ना माझ्याशी."

"मावशी, आय कान्ट. तुम्ही माझ्या मावशी आहात यार. तुम्हाला उलट बोलले हे आईला कळलं ना, शी विल किल मी."

आत जाऊन तिनं खरंच सांगून टाकलं की आमचा विशेष विरोध नाही. जी बिनअटीची मुदतवाढ हॉलिसनं इतकी वर्षं मला मिळू दिली नव्हती, ती कॉफी निवायच्या आत माझ्या पदरात पडली. आमचे संचालक खूश. "हे कसं साधलंस?" म्हणाले. त्यांना काय सांगणार, की लहानपणी तिला लेझीम शिकवली म्हणून? मला मात्र अजिबात आनंद झाला नाही. उलट रागच आला. आपल्या घरी पोरींना मोठ्यांपुढे मान खाली घालायला शिकवतात, आणि मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचं पाणी कुणी राखायचं?

पण विधेयकाची औपचारिक सुनावणी अजून व्हायची होती, आणि तिथे ईशाला म्हणणं बदलता येणार होतं. मी रीत मोडून हॉलिसला घरी फोन केला. आवाज खोल गेला होता, पण बोलण्याची संथ तऱ्हा तीच.

"तुमच्या त्या मुलीला भांडता येत नाही," मी म्हणाले.

"मग शिकवा."

"मी? मी विरुद्ध बाजूची आहे."

"विरुद्ध बाजूनं नाही शिकवायचं तर कुणी, मिस मीना? मला तुम्हीच शिकवलंत." मग म्हणाला, "तिला घेऊन या एकदा. मला दोघींना बघावंसं वाटतं."

एप्रिलमधल्या एका रविवारी ईशाच्या गाडीतून आम्ही त्याच्या घरी गेलो. पश्चिमेला लांबच लांब रस्ता, झाडं बुटकी होत जातात आणि आभाळ मोठं. हॉलिस ओसरीत खुर्चीवर बसला होता. शर्ट तोच, आत माणूस अर्धा. मला बघून उठायला लागला, त्याच्या बहिणीनं खांद्यावर हात ठेवून बसवलं. मला रडू येत होतं म्हणून मी डबा उघडण्यात बराच वेळ लावला.

ईशाला तहान लागली होती. ती आत गेली आणि नळाचं पाणी पेल्यात घेऊन प्यायली. प्यायली कसली, पहिल्या घोटाला धावत बाहेर येऊन थुंकली. हॉलिसची बहीण म्हणाली, "अगं, सांगायला हवं होतं. आम्ही बाटल्यांमधलं पितो." स्वयंपाकघरात भिंतीला लागून पाण्याच्या बाटल्यांची रास होती.

मी हॉलिसकडे पाहिलं. तो आभाळाकडे पाहत होता. मी न विचारताच घराच्या मागे चालत गेले. कुरणाच्या मध्ये जमिनीचा एक मोठा तुकडा पांढरा पडला होता, मिठानं. गवताची काडी नाही, कडेची झाडं वाळून उभी. त्या तुकड्याच्या टोकाला गंजलेला बंद पंप. प्रत्येक विहिरीवर मालकाच्या नावाची पाटी लावावी असा इथला कायदा आहे, आणि नोकरीच्या सवयीनं मी कुठेही गेले तरी पाटी आधी वाचते. तशी वाचली. पाटीवर ड्वेनचं नाव होतं.

आमचा ड्वेन. ज्याच्यासाठी मी दर अधिवेशनात मुदत मागायचे आणि मिळवायचे, तो. आणि इतकी वर्षं बाकावर बसून त्याच ड्वेनची बाजू माझ्याहून चांगली मांडणारा माणूस या घरात बाटलीतलं पाणी पीत होता.

मी ओसरीत परत आले. "का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही हात आखडता घेतला असता," हॉलिस म्हणाला. "मग मी जिंकलो तरी ते जिंकणं कसलं? तुमच्या दयेवर कायदा चालत नाही. पुढच्या वेळी तुमच्या जागी दुसरं कुणी येईल, त्याला दया नसेल."

"मी आत्ता ड्वेनला फोन करते. तो वाईट माणूस नाही. संघटना काहीतरी मदत करेल, महिन्याभरात विहीर बुजेल."

"ड्वेन वाईट नाही हे मला ठाऊक आहे. गावात रोज भेटतो. त्याच्याकडे पैसे नाहीत हेही ठाऊक आहे." त्यानं श्वास घेतला. "मला माझी विहीर बुजवायची असती तर मीच मागितलं असतं. मला सगळ्यांच्या बुजवायच्या आहेत. माझी येईल रांगेत, येईल तेव्हा. तुम्ही फोन करायचा नाही. आणि सुनावणीत पूर्ण जोर लावायचा. कबूल?"

मला कबूल नव्हतं. पण मरणाच्या दारात बसलेल्या माणसाशी मी भांडले नाही. कबूल म्हटलं.

परतीच्या रस्त्यावर गाडी चालवता चालवता ईशा म्हणाली, "मावशी, मी फेब्रुवारीत काय केलं. जस्ट गेव्ह इट अवे. हे पाणी असंच राहणार, बिकॉज ऑफ मी."

"अजून गेलेलं नाही," मी म्हणाले. "उद्या सकाळी बाकावर ये. आणि मावशी वगैरे घरी ठेवून ये."

त्या सोमवारी आम्ही अदलाबदल केली. मी जमीनमालकांची बाजू मांडली. पांढरा तुकडा डोळ्यांसमोर होता. मी म्हणाले, मुदतवाढ फुकट नसते, ती कुणीतरी भरत असतं. ज्याची विहीर आहे तो आशेवर जगतो, आणि त्या आशेचं भाडं शेजारचा माणूस आपल्या पाण्यातून देतो. त्याला कुणी विचारलेलंही नसतं. मग ईशाला ड्वेनची बाजू मांडायला लावली. पहिल्यांदा पुस्तकी बोलली. "चुकलीस," म्हटलं. पुन्हा. "चुकलीस." दुपारपर्यंत तिला ड्वेनचं दुखणं कळलं, तो विहीर का बुजवत नाही हे कळलं, आणि तिचे डोळे भरून आले. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "ओके. नाऊ आय नो व्हेअर टु हिट." मला हसू आलं. पोरगी तयार झाली होती.

आमच्या संचालकांनी येताजाता हे पाहिलं होतं. "विरुद्ध बाजूच्या मुलीची तालीम घेतेस?" म्हणून त्यांनी मला खोलीत बोलावलं. मी सांगितलं, ही या बाकावरची जुनी रीत आहे, आणि इतकी वर्षं तुम्हाला जे विजय मिळाले ते याच रीतीतून मिळाले. ते म्हणाले, "यंदा हरलीस तर?" मी म्हणाले, तर तो माझा शेवटचा पराजय असेल, मी निवृत्तच होतेय.

सुनावणी मे महिन्यात झाली. माझं नाव आधी पुकारलं. मी दिलेला शब्द पाळला. ड्वेनसारख्या माणसाची आशा, त्याच्या वडिलांनी खणलेली विहीर, बाहेर न येणारं सिमेंट, सगळं मांडलं. एक वाक्य गिळलं नाही, एक मुद्दा सोडला नाही. बोलताना सारखं वाटत होतं, की लांब कुठेतरी कुरणातल्या घरात एक माणूस संगणकाच्या पडद्यावर या सुनावणीचं थेट प्रक्षेपण बघतोय आणि मी त्याच्या पाण्याविरुद्ध बोलतेय. आवाज मात्र हलू दिला नाही. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं भाषण ते होतं, आणि सगळ्यात जड.

मग ईशा उभी राहिली. तिनं हॉलिसचं नावही घेतलं नाही. आधी ड्वेनच्या बाजूनं बोलली, माझ्याहून चांगलं. समिती चकित. आणि मग म्हणाली, या माणसाच्या आशेचं भाडं कोण भरतंय ते आता ऐका. अध्यक्षांनी मला विचारलं, "मिस मीना, याला तुमचं उत्तर?" मी खरं ते सांगितलं. म्हणाले, "माझ्याकडे नाही."

अपवाद घातला गेला. विधेयक तसंच पुढे गेलं आणि कायदा झाला. आमच्या सभासदांचे रागाचे फोन आले. ड्वेनचाही आला, पण तो रागावला नव्हता. "म्हणजे आता हॉलिसकडची ती बुजणार ना?" म्हणाला. "बरं झालं. मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

सुनावणी झाली त्याच संध्याकाळी मी गाडीत बसून हॉलिसला फोन केला. त्यानं सगळं पाहिलं होतं. "हात आखडला नाहीत ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

"दिसलं मला. फार सुंदर भांडलात दोघी." मग म्हणाला, जूनमध्ये या, घरी बसून पुढच्या अधिवेशनाचं बोलू. पुढचं अधिवेशन दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. मी येते म्हणाले. जूनमध्ये संघटनेचं वार्षिक संमेलन, माझा निरोपसमारंभ, कामाची सोपवासोपवी, असं एकेक निघत गेलं. जुलैत ईशाचा फोन आला.

त्या छोट्या गावातलं चर्च बाहेर उभं राहावं लागेल इतकं भरलं होतं. मी मागच्या रांगेत ईशाशेजारी बसले. पलीकडे ड्वेन, हॅट मांडीवर. एकेक जण पुढे जाऊन बोलत होता. कुणाची गाय त्यानं पुरातून काढली होती, कुणाचा खटला फुकट लढवला होता. सगळे चांगलंच बोलत होते. मग त्याची बहीण उभी राहिली. हातात काही नव्हतं, तोंडपाठ सांगितल्यासारखं म्हणाली, "हॉलिस म्हणून गेलाय, की सगळे माझी स्तुती करतील आणि ते काही बरोबर नाही. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. विरुद्ध बाजू मांडायला मिस मीनाला सांगा."

लोक हसले आणि वळून बघायला लागले. ईशानं माझा हात दाबला. मी पुढे गेले. 

"मी हॉलिसच्या विरुद्ध बोलायला उभी आहे," मी म्हणाले. "तो हट्टी होता. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याचा पुरावा देत नाही. त्याचं म्हणणं असं, की सगळ्यांच्या विहिरी बुजल्या पाहिजेत आणि आपली रांगेत येईल तेव्हा येईल. कायदा झाला. त्याच्या विहिरीची पाळी या हिवाळ्यात आहे. तो जुलैत गेला. माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाण्यासाठी भांडावं आणि स्वतःच्या घरी बाटलीतलं पाणी पिऊन मरावं, याला तो तत्त्व म्हणत होता. मी याला चूक म्हणते. त्यानं मागायला हवं होतं. ड्वेननं दिलं असतं. आमच्या संघटनेनं दिलं असतं. मी दिलं असतं. मला त्यानं द्यायची संधी दिली नाही. एवढ्या एका बाबतीत हॉलिस पूर्ण चुकला, आणि तो इथे असता तर मी त्याला कबूल करायला लावलं असतं."

माझं म्हणणं संपलं. पाद्री माझ्याकडे बघत होते, मी जागेवर जाऊन बसावं म्हणून. पण मी तिथेच उभी राहिले. आता त्याची पाळी होती, आणि बाकावरच्या रीतीप्रमाणे त्याची बाजू मीच मांडायची होती.